फाइल की पोर्टल? आधी वाचणार कोण ते सांगा

डिसेंबरात साताऱ्याला आलो की माझी जागा ठरलेली असते: वहिनींच्या जेवणाच्या टेबलाचा खिडकीकडचा कोपरा. धुकं नसेल तर तिथून अजिंक्यतारा दिसतो. यंदा तिथं चहाचा कप ठेवायलाही जागा नव्हती. टेबलभर एकशेवीस फायली. वहिनी एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात आणि दुसऱ्या वर्षाच्या होम असाइनमेंट नुकत्याच घरी आल्या होत्या. पारदर्शक कव्हर, रंगीत पहिलं पान, लाल पेनानं आखलेला समास.

“भावोजी, ही गंमत बघा,” म्हणत त्यांनी दोन-तीन फायली उघडून दाखवल्या. ‘मागणीची लवचिकता’ (भाव बदलला की मागणी किती बदलते, ते) असं हवं तिथं ‘मागणीची लवचिता’. अशा तेवीस फायली निघाल्या. मूळ चूक कुणाची, तेही त्यांनी शोधून काढलं होतं. तेवीसपैकी एकाच मुलीच्या फाइलीत खाडाखोड होती. म्हणजे विचार करून लिहिलेली तेवढी एकच, बाकी बावीस सुवाच्य.

विषय निघाला तो त्यांच्या कॉलेजच्या नव्या फतव्यावरून. पुढच्या सत्रापासून सगळ्या असाइनमेंट ऑनलाइन पोर्टलवर. स्टाफरूममध्ये लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, पारदर्शकता येईल, कागद वाचेल, परदेशात तर कधीचंच असं आहे. दुसरा म्हणतो, पाटण-जावळीच्या खोऱ्यातल्या पोरांना रेंज मिळत नाही, आणि हातानं लिहिल्याशिवाय डोक्यात काही शिरत नाही. कॉलेजनं दोघांचंही ऐकलं: पोर्टलवर पीडीएफ टाकायची, आणि तिचीच प्रिंट स्पायरल बाइंडिंग करून द्यायची, कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची टीम आली तर दाखवायला. पोवई नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्यांचं भलं झालं, एवढं नक्की.

“तुम्ही तिकडचे, तुम्ही सांगा,” म्हणून मला साक्षीला उभं केलं. अकरा वर्षं इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात शिकवतोय. आमच्याकडे मूडल आहे, म्हणजे असाइनमेंट घ्यायचं-तपासायचं असंच पोर्टल चालवणारं सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामास यांनी २००२ साली ते पहिल्यांदा बाहेर काढलं. त्यांचं स्वतःचं लहानपण शहरापासून शेकडो मैल दूर, रेडिओवरून भरणाऱ्या शाळेत गेलं. आणि सॉफ्टवेअर फुकट आहे. तेव्हा ‘आपल्याला कुठलं परवडतंय’ आणि ‘ते शहरातल्यांसाठी आहे’ हे दोन्ही मुद्दे मी पहिल्या चहातच निकालात काढले.

पण पोर्टलवाल्यांच्या बाजूनं मी बोलेन ही त्यांची अपेक्षा फोल ठरली. मूडलवर असाइनमेंट लावायची म्हणजे फाइल टाकायला खिडकी उघडून द्यायची, असं नसतं. ते पान तुम्हाला प्रश्न विचारत बसतं. देय तारीख कोणती? त्यानंतर उशिरा आलेलं किती दिवस घेणार, की ‘कट-ऑफ’ लावून दार बंद? ‘सबमिट’चं बटण दाबणं सक्तीचं ठेवणार का? (ठेवलंत तर दरवर्षी चार-पाच पोरं फाइल चढवून बटण न दाबता झोपी जातात आणि त्यांचा निबंध ‘ड्राफ्ट’ म्हणून पडून राहतो. मग रडारड.) तपासताना नावं झाकायची का? झाकली तर निबंधावर नुसता ‘सहभागी’ आणि एक आकडा दिसतो. पुन्हा उघडली की परत झाकता येत नाहीत. गुण कशाकशाला, किती? ते चौकटीत आधीच लिहायचं, त्याला रुब्रिक म्हणतात, आणि पोरांना ते लिहायला बसण्याआधी दिसतं.

ह्यातला एकही प्रश्न संगणकाचा नाही. हे सगळं फाइलच्या पहिल्या पानावर, शाईपेनानंसुद्धा ठरवता येतं. आपण ठरवत नाही, एवढंच. माझ्या साताऱ्यातल्या तीन वर्षांत जर्नलला वीसपैकी सतरा का मिळाले आणि शेजारच्याला एकोणीस का, हे मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. इंग्लंडला गेल्यावर पहिल्या निबंधाला शंभरात ६२ पडले आणि मी दोन दिवस जेवलो नाही. घरी कुणाला आकडा सांगायचीही लाज वाटत होती. मग कळलं, ७० ला फर्स्ट क्लास असतो आणि ६२ म्हणजे बरंच बरं. पण खरा धक्का त्या आकड्याचा नव्हता. खाली दीड पान लिहिलेलं होतं. कुणीतरी माझं सगळं वाचलं होतं.

पोर्टलनं न्याय होतो, असंही कुणी समजू नये. नवा होतो तेव्हा तपासणीचे टप्पे चालू करायला मी विसरलो. टप्पे लावले नसतील तर गुण ‘सेव्ह’ केले की पोराला लगेच दिसतात. रात्री अकरापर्यंत तीस निबंध झाले होते. सकाळी उठतो तो तिसांच्या मेल, आणि उरलेल्या चौतिसांच्या त्याहून जास्त. शिवाय टिप्पण्यांची ठेव करून ठेवलेली असते: ‘युक्तिवाद अधिक सखोल हवा’ हे वाक्य एका क्लिकवर चिकटतं. दमलो की मीही चिकटवतो. ती आमच्याकडची ‘लवचिता’च म्हणा.

माझं म्हणणं दुसरंच आहे. आमच्याकडे एका निबंधाला किती मिनिटं, ते वर्षाच्या कामाच्या हिशेबात धरलेलं असतं. पुरत नाहीत, पण धरलेली असतात. २०२३ च्या एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत ब्रिटनमधल्या १४५ विद्यापीठांत प्राध्यापक संघटनेनं तपासणीवरच बहिष्कार टाकला. काही ठिकाणी मुलांचे निकाल अडकले. मला मुलांचं वाईट वाटलं, पण तपासणं हे काम आहे आणि ते थांबलं की विद्यापीठ थांबतं, हे त्या उन्हाळ्यात सगळ्यांना दिसलं. आपल्याकडे वहिनींसारख्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे. एकशेवीस फायली वाचण्याचा तास कुठल्याच हजेरीपटावर नाही. ज्या वाचनाचा एक रुपया मिळत नाही, ते होत नाही म्हणून पोरं उतरवून काढतात. मग आपण भांडतो ते फाइल हातानं उतरवावी की मोबाइलवरून.

हस्ताक्षरवाल्यांना मात्र एक श्रेय द्यायलाच हवं. चॅटजीपीटी आल्यापासून आमच्या विभागात निबंधामागून दहा मिनिटांची तोंडी सुरू झाली. माझे सहकारी त्याला मोठा शोध समजतात. मी गप्प बसतो. आपल्या प्रॅक्टिकलला जर्नल उघडून सर ‘हे काय लिहिलंस?’ विचारायचे, तेव्हा घशाला पडलेली कोरड मला अजून आठवते.

निघायच्या आदल्या रात्री वहिनी आणि मी लॅपटॉपवर बसलो. एक असाइनमेंट लावली, विषय तोच. रुब्रिक मराठीत, चारच ओळी. तिसरी ओळ त्यांनीच सुचवली: ‘स्वतः पाहिलेलं उदाहरण’, दहापैकी चार गुण. बाइंडिंग नको, दोन पानांच्या वर नको. एकशेवीस दोन-पानी वाचायला होतील, असा त्यांचा हिशेब.

जानेवारीत त्यांचा मेसेज आला. कोरेगावकडच्या एका पोरानं घरच्या आल्याच्या शेतीवर लिहिलंय: भाव निम्म्यावर आला तरी गावात कुणी दुप्पट आलं घालून चहा प्यायला नाही, म्हणून मागणी अलवचिक. पुस्तकातली व्याख्या मात्र कुठंच नाही. व्याख्येला तीन गुण ठेवलेत.

“आता ह्याला किती द्यायचे, भावोजी?”

मी विचारलं, रुब्रिकात काय लिहिलंय?

“रुब्रिकात आल्याचा चहा नाहीये.”