रेल्वेने कचरा पाठवा, पण कोणता?

उन्हाळ्यात भांडेवाडीच्या कचऱ्याच्या डोंगराला आग लागली की नागपुरात ठरलेली चर्चा सुरू होते: डम्पिंग यार्ड हलवा, कचरा रेल्वेने लांब न्या, उमरेडकडच्या बंद कोळसा खाणींत भरा. दाखला हमखास अमेरिकेचा. मी राहतो त्या सिअ‍ॅटलचा कचरा १९९१ पासून रेल्वेने पाचेकशे किलोमीटरवर, ऑरेगनमधल्या आर्लिंग्टनजवळ जातो, हे खरंच आहे. पण ते सिअ‍ॅटलला का जमतं, हेही बघायला हवं.

कचरा ट्रान्सफर स्टेशनवर, म्हणजे गोळा करायच्या ठिकाणी, दाबून चाळीस फुटी बंद कंटेनरमध्ये भरतात. एकात साधारण २५ टन. ट्रकने रेल्वे यार्डात, तिथून वाघिणीवर. २०१५ पासून उरलंसुरलं अन्न या कचऱ्यात टाकायला बंदी आहे. टाकायची जागाही कोरडी: वर्षाला जेमतेम नऊ-दहा इंच पाऊस. त्यामुळे कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी, लीचेट, कमीच. वर तिथल्या काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, दर टनामागे पैसे मिळतात.

आता आपला हिशेब. नागपूरचा कचरा रोज बाराशे टनांच्या आसपास, म्हणजे ४८ कंटेनर. ४५ वाघिणींची एक रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, भरून वर तीन उरले. रोज! त्यात निम्म्याच्या आसपास ओला. दाबणाऱ्या यंत्राखाली त्याचं पाणी सुटतं आणि कंटेनरच्या दाराचं रबर जरा झिजलं की रुळांवर गळतं. मे महिन्यात अशी रेक बाजूच्या रुळावर दोन दिवस अडकली तर आजूबाजूच्या वस्तीचं काय होईल? २०१८ मध्ये अलाबामातल्या पॅरिशला हे घडलं. शेजारच्या गावाने कोर्टातून मनाई आणली, म्हणून न्यूयॉर्कच्या सांडपाण्याच्या गाळाचे कंटेनर हजारेक वस्तीच्या त्या गावात दोन महिने नाकाशी उभे होते. आपल्याकडेही कचरा डेपोशेजारच्या फुरसुंगी-उरुळीच्या लोकांनी पुण्याच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या होत्याच. रेल्वेने तर सगळा कचरा एकाच दारातून जाणार. ते दार अडवणं आणखी सोपं.

खाण म्हणजे आयता खड्डा, हा आणखी एक गैरसमज. २०१६ च्या घनकचरा नियमांत लँडफिलच्या, म्हणजे कचरा पुरायच्या जागेच्या, तळाला ९० सेंटिमीटर दाबलेली माती आणि त्यावर दीड मिलिमीटरचं एचडीपीई प्लास्टिकचं अस्तर सांगितलं आहे. खाणीतल्या सैल भरावावर ते कमीजास्त खचून फाटतं. उभ्या कडांवर नीट बसवताच येत नाही. नागपूरचा चाळीस इंचांवरचा पाऊस बहुतेक चार महिन्यांत पडतो, तो या खड्ड्यात साचणार आणि पंप बंद पडला की लीचेट भूजलात. शिवाय उघडे कोळशाचे थर. आग भांडेवाडीतून उमरेडला नेल्यासारखंच.

ओल्याचं खत किंवा गॅस शहरातच व्हावा. रेल्वे लागलीच तर ती आरडीएफसाठी, म्हणजे चाळून, वाळवून गठ्ठे बांधलेल्या प्लास्टिक-कापड-कागदासाठी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिमेंट भट्ट्यांना हे जळण चालतं, मात्र ओलावा वीस टक्क्यांच्या आत हवा आणि पीव्हीसी, म्हणजे पाइपांचं वगैरे प्लास्टिक, बाजूला काढलेलं, कारण त्यातलं क्लोरीन भट्टीत थर धरतं. त्यासाठी पैसा रेल्वेच्या डब्यांआधी चाळण्यांवर आणि पावसाळ्यात गठ्ठे कोरडे ठेवणाऱ्या शेडवर घालावा लागेल. अशी रेक रोज नव्हे, आठवड्यातून एखाद-दुसरी भरेल, आणि तेवढी पुरे.