पणती आणि हणते

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या टपरीसमोर, बंद दुकानाच्या ओट्यावर, आमची मंडळी रोज संध्याकाळी जमतात. गेल्या गुरुवारी वादाला तोंड फुटले ते बसवराजमुळे. बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांचा इंग्रजी अनुवाद ‘हार्ट लॅम्प’ त्याने दुसऱ्यांदा वाचून संपवला होता, आणि पुस्तक ओट्यावर ठेवत तो म्हणाला, “कर्नाटकातल्या हासनमधली बाई माझ्या आईच्या भाषेत लिहिते, आणि ते मला लंडनमार्गे वाचावे लागते.”

बसवराजच्या घरी कन्नड बोलतात. शिक्षण मात्र सगळे मराठीतून झाल्यामुळे कन्नड अक्षर त्याला एसटीच्या पाट्या वाचण्यापुरतेच येते. सोलापुरात हे नवलाचे नाही, पण त्या दिवशी त्याचा आवाज खरोखरच दुखावलेला होता.

मास्तरांनी ते दुःख ओलांडून थेट निकाल दिला. “मूळ भाषा येत नसेल, तर त्या पुस्तकाच्या वाटेला जाऊच नये. अनुवाद म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास.” मास्तर निवृत्त झाले तरी हातात पेन्सिल असल्यावाचून वाचत नाहीत. माझा एक अनुवादित कथासंग्रह त्यांनी तीन वर्षांनी परत केला, तेव्हा त्याच्या प्रत्येक पानाच्या समासात एक तरी प्रश्नचिन्ह होते. ते आठवून मी काही बोलणार, तोच त्यांनी आपले आवडते उदाहरण काढले. हान कांग यांच्या ‘द व्हेजिटेरियन’ला 2016 साली आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले, आणि पुढे कोरियन जाणकारांनी दाखवून दिले, की अनुवादिका डेबरा स्मिथ यांनी एके ठिकाणी पायाचा हात केला आहे, कारण कोरियनमध्ये ‘पाल’ म्हणजे हात आणि ‘बाल’ म्हणजे पाय. “ज्यांना हात आणि पाय ओळखू येत नाहीत, त्यांच्या हाती कादंबरी द्यायची?” मास्तरांनी विजयी मुद्रेने विचारले.

शबाना महाविद्यालयात शिकवते आणि घरी दखनी बोलते. चहाचा पेला खाली ठेवून तिने शांतपणे विचारले, “मास्तर, शरच्चंद्र वाचून तुम्ही रात्रभर रडला होतात, असे तुम्हीच सांगता ना? तुम्ही बंगाली कधी शिकलात?”

मास्तर म्हणाले, “ती गोष्ट निराळी.”

“निराळी कशी? तुम्ही रडलात ते मामा वरेरकरांच्या मराठीत रडलात. चुकलेला पाय पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होतो, मास्तर. न वाचलेले पुस्तक कुठल्याच आवृत्तीत दुरुस्त होत नाही.”

यावर हशा झाला. मास्तर नव्या मुद्द्याकडे वळले: या पुस्तकात कन्नड, उर्दू, अरबी शब्द तसेच ठेवले आहेत, ते तिरप्या अक्षरांत नाहीत आणि खाली एक टीपही नाही, ही वाचकाची उपेक्षा आहे. शबाना एवढी चिडलेली मी क्वचितच पाहिली असेल. “आमच्या घरी अम्मी बोलताना तळटीप देत नाही,” ती म्हणाली. “अनुवादिका दीपा भस्ती यांनी हे जाणून-बुजून केले आहे. तिरपे अक्षर म्हणजे शब्दाला दाराबाहेर उभे करून ‘हा परका आहे’ असे सांगणे. या कथांमधल्या बायकांना नवरा, जमात आणि मशिदीचा कारभार पाहणारा मुतवल्ली यांनी आधीच दाराबाहेर उभे केले आहे. निदान अनुवादिकेने तरी त्यांना आत घ्यावे.”

माझ्या मते त्या संध्याकाळी बोलले गेलेले सर्वांत खरे वाक्य हेच. अनुवाद गुळगुळीत व्हावा, कुठे खडा लागू नये, ही अपेक्षा वाचकाला आळशी करते. ‘हार्ट लॅम्प’ला 2025 साली मिळालेल्या आंतरराष्ट्रीय बुकरचे 50,000 पौंड लेखिका आणि अनुवादिका यांना निम्मे-निम्मे मिळाले, आणि ते न्यायाचेच झाले, कारण 1990 ते 2023 या काळातल्या कथांमधून बारा निवडणे, त्या एका सुरात आणणे आणि तरीही तिथली बोली पुसू न देणे हे काम लेखकाचेच आहे. आपल्याकडे मात्र अनुवादकाचे नाव अजूनही कित्येकदा आतल्या पानावर शोधावे लागते, याची मला लाज वाटते.

पण बसवराजचे समाधान झाले नव्हते. “इंग्रजी चांगले आहे, ते मी नाकारत नाही,” तो म्हणाला, “पण पहिल्याच कथेत बाई विचारात पडते, की नवऱ्याचा उल्लेख कोणत्या शब्दाने करावा. ‘यजमान’ म्हणावे तर तो धनी ठरतो आणि ती दासी. इंग्रजी वाचकाला हा शब्द समजून घ्यावा लागतो. आपल्याकडे तर शेजारच्या काकू आजही ‘आमचे यजमान गावाला गेलेत’ म्हणतात आणि गावाकडे सरळ ‘मालक’ म्हणतात! ही कथा मराठीत आणायला काही समजावून सांगावे लागेल का? आणि नावाचेच पाहा. कन्नडात ते ‘एदेय हणते’ आहे. एदे म्हणजे छाती, ऊर. हणते म्हणजे मातीचा दिवा.”

“म्हणजे पणती,” मी म्हणालो.

“पणतीच! तमिळमध्ये दूध ‘पाल’, कन्नडात ‘हालु’; तिथे शब्दाच्या आरंभीच्या ‘प’चा ‘ह’ झाला. एक अक्षर बदलले की शब्द तुमच्या देवळीत. इंग्रजीत नुसता दिवा उरला, माती गेली.”

ओट्यावर थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग मला उमा कुलकर्णी आठवल्या. विरुपाक्ष कुलकर्णींनी मोठ्याने वाचलेले कन्नड कानांनी ऐकून त्यांनी ते मराठीत लिहिले, आणि कन्नड कादंबरीकार भैरप्पा आपल्या घराघरांत पोहोचले. लिपीची अडचण एका घरातल्या दोन माणसांनी अशी सोडवली होती. मी तसे म्हणताच शबाना बसवराजकडे वळली. “तुझ्या आईची शाळा अक्कलकोटकडची, कन्नड माध्यमाची ना? त्या वाचतील, तू मराठीत सांग, दखनी आणि उर्दू माझ्याकडे, आणि लिहायला हे आहेतच.” तिचे बोट माझ्याकडे होते. बसवराजने तिथूनच आईला फोन लावला. पलीकडून आईंनी आधी विचारले, की अक्षर मोठे आहे का, आणि चष्म्याचा नंबर वाढल्याचे गाऱ्हाणे संपवून मग होकार दिला.

आता मास्तरांना बाहेर राहणे अवघड झाले. मूळ भाषेचा आग्रह बाजूला ठेवून त्यांनी शुद्धलेखन तपासण्याची तयारी दाखवली आणि वर नावही सुचवून टाकले: ‘हृदयदीप’.

“मास्तर,” बसवराज म्हणाला, “ही सहकारी पतसंस्था झाली. आता ठेवींवर व्याज किती ते सांगा.”

टपरीवाल्यासकट सगळे हसले, आणि मास्तरही हसले. मग मी ‘उरातली पणती’ म्हणालो, शबानाला ‘काळजातली’ हवी होती, आणि ‘ऊर’ व ‘काळीज’ यांतले अंतर समजावून देण्यासाठी मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली, तेव्हा टपरीवाला स्टोव्ह विझवत होता.