“विश्वास कमी पडला” म्हणणाऱ्यांना

आपल्या ख्रिस्ती लोकांत एक वाक्य फार स्वस्त झालंय. कुणाचं दुखणं हटलं नाही, पोराला नोकरी लागली नाही, मुलीचं लग्न जमेना, की कुणीतरी सुस्कारा टाकून म्हणतं, “विश्वास कमी पडला.” म्हणणारा बहुधा धडधाकट असतो आणि त्याचा पगार वेळेवर होत असतो.

मी नर्स होते, सगळं आयुष्य वॉर्डात गेलं. हे वाक्य निमूट ऐकून घेणारी इतकी माणसं पाहिलीत की आता ते कानावर पडलं की माझं डोकंच फिरतं. ओळखीतल्या एका बाईचा नवरा कॅन्सरने गेला. दफनाहून माणसं परतली, घरात चहा फिरत होता. चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करायच्या सभा, घेणाऱ्या एका ख्रिस्ती बंधूने तिला बाजूला घेऊन सांगितलं, “ताई, प्रार्थना चालू असताना तुम्ही केमोही चालू ठेवलीत ना, तिथेच अविश्वास शिरला.” त्यानंतर ती बाई उपासनेला यायची थांबली. मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, बोलणं काय, तर ती विश्वासात थंड पडली!

(कंसात एक सांगून टाकते. मिशन हॉस्पिटलांत ऑपरेशनच्या आधी प्रार्थना व्हायची आणि मग डॉक्टर सुरी हातात घ्यायचे. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला दवाखाना उभारला तो प्रभूवर विश्वास ठेवूनच. औषध घेणं म्हणजे अविश्वास, हे शिक्षण आपल्यात कुठून आलं कोण जाणे, पण ते आपल्या वाडवडिलांचं नव्हे.)

अविश्वास आमच्यात नाही असं मी म्हणत नाही. भरपूर आहे. फक्त आपण तो आजाऱ्याच्या खाटेपाशी शोधतो, आणि तो असतो लग्नाच्या बैठकीत, चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीच्या टेबलाशी, बँकेच्या पासबुकात. तिथे कुणी हात ठेवून प्रार्थना करत नाही.

बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, बारावा अध्याय. हेरोद राजाने प्रभूचा शिष्य याकोब याला तलवारीने मारलंय, दुसरा शिष्य पेत्र याला तुरुंगात टाकलंय, त्याच्यावर चार-चार शिपायांचे चार पहारे. इकडे मार्कच्या आईच्या घरी मंडळी जमून एकाग्रतेने प्रार्थना करते आहे. पेत्र सुटतो, रात्री येऊन दार ठोठावतो. रुदा नावाची पोरगी त्याचा आवाज ओळखते, आनंदाच्या भरात दार उघडायचंही विसरते आणि आत धावत जाऊन सांगते. प्रार्थना करणारे तिला काय म्हणतात? “तू वेडी आहेस.” पोरगी हटत नाही, तेव्हा म्हणतात, त्याचा देवदूत असेल. आणि पेत्र बिचारा बाहेर दार ठोकतच राहतो. मला हा प्रसंग वाचताना दर वेळी हसू येतं. सुटकेसाठी रात्र जागवणाऱ्यांना सुटका झालेली पटेना! ही पहिल्या शतकातली मंडळी, प्रेषितांच्या हाताखाली शिकलेली. तरी देवाने पेत्राला तुरुंगात परत पाठवलं नाही. त्यांच्या त्या अर्ध्यामुर्ध्या प्रार्थनेवरच त्याला सोडवलं. आणि बातमी खरी मानली कुणी, तर घरात दार उघडायचं काम करणाऱ्या पोरीने.

आपलं याच्याहून बिकट आहे. आपण प्रार्थना करतो त्या अशा बेताने, की उत्तर आलं तरी आपल्याला उठून दार उघडावं लागू नये. “प्रभू, आमच्या मंडळीत ऐक्य दे.” हे म्हणून झालं की घरी जाऊन सोयरीक ठरवताना पहिला प्रश्न असतो, “मूळचे कोण?” म्हणजे ख्रिस्ती होण्याआधीची जात कोणती. तिसरी-चौथी पिढी बाप्तिस्मा घेतलेली, नावं योहान आणि सुवार्ता, आणि तरी मूळचे कोण! यहूदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, दास नाही, स्वतंत्र नाही, हे वचन मुलांना संडे स्कूलात पाठ करायला लावायचं, बक्षीस म्हणून पेन्सिलचा डबा द्यायचा, आणि त्याच मुलाने वीस वर्षांनी ते खरं धरून मुलगी पसंत केली की घरात सुतक. माझ्या मते आपल्या मंडळ्यांतला सगळ्यात मोठा अविश्वास हाच. ख्रिस्ताने भिंत पाडली असं आपण गातो आणि ती पडली आहे असं मानून चालायला धजत नाही.

दुसरा अविश्वास हिशेबाचा. मिशनच्या काळातल्या जागा, कंपाउंडं, शाळांच्या इमारती यांचं ठिकठिकाणी काय झालं ते आपण सगळे कुजबुजतो. वार्षिक सभेत ताळेबंद वाचला जातो, मान खाली घालून मंजूर होतो, मग जेवण. प्रश्न विचारणारा सापडला तर त्याला “भांडखोर” ठरवतात. गप्प बसण्याला आपण नम्रता म्हणतो. ती भीती असते. देव सत्याच्या बाजूने उभा राहील याची खात्री नसते, म्हणून आपण बहुमताच्या बाजूने बसून राहतो.

हुंड्याचं मी लांबवत नाही. “आम्ही मागत नाही, पण मुलीला काय घालाल ते घाला” हे वाक्य ख्रिस्ती घरांतही म्हटलं जातं, एवढं पुरे.

आता कुणी म्हणेल, बाई, हे तर समाजसुधारणेचं झालं. विश्वास म्हणजे अंतःकरणाची गोष्ट. मला तसं वाटत नाही. बायबलातलं याकोबाचं पत्र उघडा, कृतीवाचून विश्वास निर्जीव असं त्यात लिहिलंय. अंतःकरणात काय आहे ते माणसाला स्वतःलाही नीट कळत नसतं. पाय कुठे जातात ते दिसतं. आणि धाडसी विश्वास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लगेच माईक, स्टेज, हात वर केलेली गर्दी येते. तो ज्यांना जमतो त्यांना जमो. साध्या माणसाचं धाडस फार वेळा अगदी बारक्या आवाजात असतं, कधी कधी अंधारातही असतं.

अंधारात म्हणते, कारण मला गिदोन आवडतो. जुन्या करारातलं शास्ते, सहावा अध्याय. देश लुटणाऱ्या मिद्यानी शत्रूंच्या भीतीने हा गडी द्राक्षकुंडात लपून गहू झोडतोय आणि परमेश्वराचा दूत त्याला म्हणतो, “हे बलवान वीरा!” थट्टाच वाटावी. गिदोन तरी काय कमी? उलट विचारतो, परमेश्वर आमच्याबरोबर असता तर हे सगळं आमच्यावर का आलं? पूर्वजांनी सांगितलेली अद्भुतं कुठे गेली? आजच्या एखाद्या प्रार्थना सभेत कुणी असं विचारलं तर त्याला तिथल्या तिथे गप्प करतील. परमेश्वर त्याला गप्प करत नाही, उत्तरही देत नाही, म्हणतो, जा. पहिलं काम कोणतं? बापाच्या अंगणातली बआल दैवताची वेदी मोड. म्हणजे मिद्यानी नंतर, आधी घर. गिदोन दहा चाकर घेतो आणि घरच्यांच्या व गावकऱ्यांच्या भीतीने ते काम रात्री उरकतो. शास्त्रात हे लपवलेलं नाही, भीतीने रात्री केलं असं सरळ लिहिलंय. आणि “दिवसा का नाही केलंस” असा शब्द परमेश्वर काढत नाही. सकाळी गाव चालून येतं तेव्हा पोराची बाजू कोण घेतं, तर ज्याच्या अंगणात ती वेदी होती तो बापच.

भीती जाईपर्यंत, शंका मिटेपर्यंत थांबायचं ठरवलं असतं तर गिदोन अजून गहूच झोडत बसला असता. आपल्याला मात्र वर्षानुवर्षं उलटा क्रम शिकवला गेलाय. आधी विश्वास पक्का करा, उपास करा, पवित्र आत्म्याने भरून घ्या, मग पाऊल टाका. भरून घेण्यातच माणसं म्हातारी होतात.

आपल्या मातीतलं उदाहरण घेते. पंडिता रमाबाईंच्या गोष्टी प्रवचनांत येतात त्या बहुतेक केडगावच्या, तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या: १९०५ चं संजीवन (विश्वासाची नवी लाट), ढसाढसा रडणाऱ्या मुली, प्रार्थनेने भागलेली गरज. त्याआधीच्या रमाबाई आपण पुसून टाकल्यात. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लगेच त्यांचे वाद सुरू झाले. ज्या भगिनींच्या (नन्सच्या) आश्रयाला त्या होत्या त्यांच्याशी त्रैक्यावरून (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवरून) वाद, चमत्कारांवरून वाद, चर्चच्या अधिकाऱ्यांचं मुकाट्याने ऐकण्यावरून वाद. त्यांच्यातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याबरोबरचा त्यांचा पत्रव्यवहार आज छापील मिळतो. तो वाचा आणि मग सांगा, आपल्या किती पाळकसाहेबांनी असल्या बाईला महिला मंडळात बोलू दिलं असतं. पुढे १९०७ मध्ये रमाबाईंनी आपल्या साक्षीत, म्हणजे विश्वासाच्या अनुभवकथनात, स्वतःच लिहिलं, की त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. ती खात्री त्यांना १८९१ च्या सुमारास आली. म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी.

मग या आठ वर्षांत बाई काय करत होत्या? मन साफ होण्याची वाट बघत बसल्या नाहीत. अमेरिकेला गेल्या, गावोगाव भाषणं करून विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला, आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. पतीमागे लहान लेकीला घेऊन एकटी बाई, अर्ध्या शंका डोक्यात, आणि हे काम!

खात्री आल्यावरही सोपं काही झालं नाही. सदन पुण्याला आलं आणि १८९३ मध्ये मोठा गदारोळ झाला. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला येऊन बसायच्या. रमाबाई कुणाला बोलवत नव्हत्या, पण प्रार्थनेच्या वेळी दार बंद करायलाही तयार नव्हत्या. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. दार मात्र उघडं राहिलं. धाडस हेच. घोषणा नाही, कुणाला खिजवणं नाही. आहे तशी मी राहणार, एवढंच.

१८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. मुळात अमेरिकेतून येणारा पैसा उच्चवर्णीय बालविधवांच्या शाळेसाठी होता, सरसकट भुकेल्या पोरींसाठी नव्हे. रमाबाईंनी स्वतःचे आईबाप आणि बहीण तसल्याच दिवसांत गमावली होती, त्यामुळे त्या पोरींकडे बघून परत फिरणं त्यांना जमणारं नव्हतं. तीनेकशे मुली आणल्या, वेगवेगळ्या जातींच्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून केडगावच्या जमिनीवर मुक्काम. प्रार्थना केली आणि विहिरीही खोदल्या. विणकाम, शेती, छापखाना उभा केला. आपल्या प्रवचनांत प्रार्थना तेवढी येते, विहिरी गाळल्या जातात. आणि शेवटही बघा. मूळ इब्री-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर चालू, मुक्तीतल्याच स्त्रिया ते छापतायत, आणि १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली. प्रार्थनेची एवढी मोठी बाई, तिची लेक का गेली? सांगा आता कुणीतरी, विश्वास कमी पडला म्हणून. रमाबाईंनी काम पुढे नेलं आणि एप्रिल १९२२ मध्ये त्याही गेल्या.

मार्कच्या शुभवर्तमानातल्या नवव्या अध्यायातला तो बाप आपण सगळ्यांनी ऐकलाय. मुलगा लहानपणापासून आगीत, पाण्यात पडतोय, शिष्यांकडून काही झालेलं नाही. “माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका,” असं तो मोठ्याने म्हणतो, शास्त्री आणि गर्दी दोघांसमोर. प्रभूने त्याला आधी अविश्वास निस्तरून ये असं सांगितलं नाही. पोराला हात धरून उठवलं. त्या बापाने केलं काय, तर तो मुलाला घेऊन आला आणि मनात होतं ते बोलला.

बोलण्याचीच तर आपल्याकडे सोय नाही. साक्षीच्या वेळी उठून फक्त जिंकलेल्या गोष्टी सांगायच्या असा अलिखित नियम आहे. “मी प्रार्थना करते पण कुणी ऐकतंय असं मला वाटत नाही” असं कुणी म्हटलं की मंडळीतले दोन वडीलधारे लगेच तिला धीर द्यायला उठतात, म्हणजे थांबवायला. आम्ही काहीजणींनी बुधवारच्या घरगुती प्रार्थनेत एवढाच बदल केला: आधी ज्यावर विश्वास बसत नाही ते सांगायचं, आणि मग तरीही या आठवड्यात काय करणार ते सांगायचं. पहिल्यांदा सगळ्या पदराशी चाळा करत बसल्या. मग एकीने सांगितलं, जाऊबाईला माफ करणं मला शक्य वाटत नाही, पण दवाखान्यात डबा घेऊन जाईन. दुसरीने सांगितलं, मुलाच्या लग्नात देणंघेणं होणार नाही हे नवऱ्यासमोर बोलायची हिंमत नाही, पण दिराला आधी सांगते. रात्रीची वेदी मोडण्यातलाच प्रकार. काही जमलं, काही नाही. जिला जमलं नाही तिला पुढच्या बुधवारी कुणी वचन फेकून मारलं नाही. तीही आली, डबा अजून गेलेला नाही म्हणाली, आम्ही प्रार्थना केली.

एका मान्यवरांनी मला प्रेमाने समज दिली, की असं उघड बोलल्याने तरुण पोरं बिथरतील, मंडळीत शंका पसरेल. सलाम त्यांना, वयाने मोठे आहेत. पण तरुण पोरं शंकांनी बिथरून गेली नाहीत. त्यांनी घरातली सोयरीक पाहिली, वार्षिक सभा पाहिली, आणि त्या बाईला नवऱ्याच्या दफनाच्या दिवशी काय ऐकवलं तेही पाहिलं. मग ती रविवारी क्रिकेट खेळायला जाऊ लागली. त्यांना परत आणायचं असेल तर येत्या वार्षिक सभेत ताळेबंदावर पहिला प्रश्न मी विचारणार आहे. हात थरथरेल, आवाजही फुटेल. दुसरा प्रश्न कोण विचारतंय ते आत्ताच कळवा, म्हणजे शेजारच्या खुर्चीवर माझी पर्स ठेवते.