चादरीखालचा ड्रम आणि ‘स्टार्टअपचे चार नियम’

‘नवीन धंदा करणाऱ्यांसाठी चार नियम’ हा मेसेज परवा तिसऱ्यांदा आला, आणि या वेळी माझ्या भाचीकडून. खाली तिचा प्रश्न: "मामा, बरोबर आहे ना हे?" नाही गं, बरोबर नाही.

पहिला नियम म्हणे, कल्पना कुणालाही सांगू नका, चोरीला जाते. यापायी भाचीने ओल्या कचऱ्याचं खत करणारा तिचा ड्रम चार महिने कोथरूडच्या फ्लॅटच्या गॅलरीत जुन्या चादरीखाली झाकून ठेवला होता. रविवारी मी हट्टाने शेजारच्या काकूंना बोलावलं. एका हातात देठांचं ताट, दुसऱ्या हाताने झाकण उचलायला गेल्या, उचलेना. ताट खाली ठेवून दोन्ही हात लावले आणि म्हणाल्या, "अगं, हे रोज दोनदा कोण करणार? आणि पाणी गळलं तर खालचे भांडायला येतील." चार महिन्यांत जे कळलं नव्हतं ते पाच मिनिटांत कळलं, कारण तोवर ड्रम एकटी भाचीच उघडत होती.

या नियमात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. पेटंट घेण्यासारखं काही असेल, तर अर्जाआधी ते जगजाहीर केल्याने नावीन्य जातं आणि पेटंट हुकू शकतं. पण त्यासाठी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज आहे: एकट्या व्यक्तीला ऑनलाइन १,६०० रुपये फी, आणि संपूर्ण तपशील द्यायला पुढे १२ महिने. नुसत्या कल्पनेला पेटंट मिळतच नाही. आणि झाकण जड आहे का, हे विचारायला ड्रमची आतली रचना सांगावी लागत नाही.

दुसरा नियम मला सगळ्यात जास्त खटकला: ‘सरकार प्रत्येक स्टार्टअपला २० लाख देतं, फक्त फाइल करा.’ खाली फाइल करून देणाऱ्याचा नंबर, फी १५,००० रुपये. भाची ते भरणार होती! केंद्राने २०२१ मध्ये आणलेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंडाच्या, म्हणजे सुरुवातीचं भांडवल देणाऱ्या योजनेच्या, मार्गदर्शक सूचना उघडून वाचा. २० लाख ही ‘पर्यंत’ची मर्यादा आहे, तीही नमुना बनवायला आणि चाचण्यांना. कंपनी नोंदवलेली हवी, दोन वर्षांच्या आतली, केंद्राची स्टार्टअप मान्यता असलेली. निवड इन्क्युबेटरची, म्हणजे नव्या धंद्यांना जागा आणि मदत देणाऱ्या संस्थेची, समिती करते, पैसे टप्प्याटप्प्याने येतात. आणि अर्जदाराकडून इन्क्युबेटरने कसलीही फी घ्यायची नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मग मधल्या माणसाचे १५,००० कशाचे?

तिसरा, आधी नोकरी सोडा. कशाला? काकूंना रविवारीच वेळ असतो, म्हणजे ड्रम दाखवून विचारणं नोकरी सांभाळूनही जमतं.

चौथा, इन्क्युबेटर म्हणजे भाड्याची खुर्ची. काही ठिकाणी तसं असेलही. पण पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात २००७ पासून व्हेंचर सेंटर नावाचा इन्क्युबेटर आहे. तिथे प्रयोगशाळा आहेत, पेटंटबद्दल विचारायला माणसं आहेत. भाची आता तिकडे चौकशीला जाणार आहे. सोबत काकूंचं म्हणणं लिहून घेतलेली वही नेणार आहे, आणि चादर धुवायला टाकली आहे.