युरियाचं पाणी इंजिनात जात नाही

‘जुन्या गाड्या दणकट होत्या, नव्या ट्रकमध्ये युरिया इंजिनात जातो आणि इंजिन खातो’, असा संदेश चालकांमध्ये फिरतो आहे. त्यातला युरियाचा भाग साफ चुकीचा आहे.

युरियाची टाकी वेगळी असते. त्यातलं द्रावण, म्हणजे 32.5 टक्के युरिया आणि बाकी क्षारमुक्त शुद्ध पाणी, धूर इंजिनातून बाहेर पडल्यावर सायलेन्सरच्या वाटेवर फवारलं जातं. गरम धुरात त्याचा अमोनिया होतो आणि तो विषारी नायट्रोजन ऑक्साइडचं साध्या नायट्रोजनात व वाफेत रूपांतर करतो. पिस्टन, लायनर यांच्याशी त्याचा संबंधच येत नाही. कृपा करून शेतातला युरिया साध्या पाण्यात कालवून टाकू नका. त्यातल्या क्षारांनी नोझल चोंदतं, कॅटॅलिस्ट (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर शुद्ध करणारा भाग) निकामी होतो आणि तो खर्च मोठा असतो. डिझेलच्या टाकीत तर एक थेंबही नको.

नव्या गाड्या नाजूक आणि दुरुस्तीला अवघड, ही जुन्या चालकांची तक्रार मात्र खरी आहे, ती मी मनापासून मान्य करतो. डिझेलचा जुना यांत्रिक पंप काहीशे बारच्या दाबावर चालायचा आणि ओळखीचा मिस्त्री तो रस्त्यातच खोलून बसवायचा. नव्या गाड्यांच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना (डिझेल फवारणाऱ्या नोझलना) डिझेल पुरवणाऱ्या एकाच नळीत, दाब 1600 बारच्या वर जातो. डिझेलमध्ये पाणी किंवा कचरा आला की इंजेक्टर लवकर जातात, आणि बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. पण दोष अशुद्ध डिझेलचा आणि न बदललेल्या फिल्टरचा असतो, युरियाचा नव्हे.