‘मशीनचं काम हातचं म्हणून विकलं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा अभिप्राय वाचला. आईच्या लुगड्यांची, फुल्यांच्या टाक्याचा (क्रॉस-स्टिचचा) मोर घातलेली गोधडी उशिरा मिळाली, आईच्या वर्षश्राद्धाला बहिणी जमणार होत्या त्याआधी ती हवी होती, हे तुमचं म्हणणं खरं आहे. त्या उशिराबद्दल मनापासून माफी मागते. आईची लुगडी एखाद्याच्या हाती सोपवायची म्हणजे काय असतं, हे आम्हाला कळतं. तुम्ही पिशवी देताना जरा वेळ हातातच धरून होतात, ते मी पाहिलं होतं.

पण पुढे तुम्ही लिहिलंय, “मागच्या बाजूला एकही फुली दिसत नाही, म्हणजे कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचा तयार पॅच आणून चिकटवलाय. हातकाम सांगून साडेचार हजार घेतले.” ताई, हे मात्र सहन होत नाही. दोन स्टार द्या, एक द्या, तुमचा हक्क आहे. पण हे वाचून मुलीच्या रुखवतासाठी गोधड्या सांगितलेल्या एका घरानं काल फोन करून “थोडं थांबा” म्हटलं. अंबाजोगाईसारख्या गावात असं काम नावावर चालतं. म्हणून इथंच, सगळ्यांसमोर, सविस्तर लिहिते.

मागच्या बाजूला फुल्या दिसत नाहीत, कारण आम्ही त्या दिसू देत नाही. फुल्यांचं सगळं काम आधी फक्त वरच्या एकेरी कापडावर होतं, गोधडी नंतर भरली जाते, म्हणजे सगळे थर एकत्र शिवले जातात. गोधडी भरून झाल्यावर वरून फुल्या घालायच्या म्हटलं तर सुई चार-पाच थरांतून ओढावी लागते. टाका कुठे घट्ट, कुठे सैल पडतो, फुली कापडात बुडते आणि मागे दोऱ्यांचं जाळं होतं. पांघरायची वस्तू आहे ही. मागे सुटे दोरे राहिले की रात्री त्यात जोडवी अडकतात, लेकराचे पैंजण अडकतात. माझ्या सासूबाई वाकळ शिवताना गाठसुद्धा आतल्या थरात दडवायच्या. तीच शिस्त आम्ही फुल्यांना लावली. ज्या स्वच्छ पाठीवरून तुम्ही मशीनचा संशय घेतला, ती पाठ स्वच्छ राहावी म्हणूनच एवढी मेहनत असते.

आता तुमच्या मोराचं सांगते. तुमच्या आईचं वरचं लुगडं धुऊन धुऊन मऊ झालेलं, मधे विरलेलं. तसल्या कापडावर थेट सुई चालवली तर ते टराटरा फाटतं. म्हणून आधी मांजरपाट धुऊन, आटवून त्याचं अस्तर लुगड्याखाली टाचलं. वरून जाळीचं कापड टाचलं, कारण लुगड्याच्या बारीक विणीत घरं मोजता येत नाहीत. त्या जाळीच्या घरांवर फुल्या घातल्या. मोर पुरा झाल्यावर जाळी ओली करून तिचा एकेक धागा चिमट्यानं फुल्यांखालून ओढून काढला. हे काम घाईनं होत नाही. धागा जोरात ओढला की फुलीही सोबत येते.

पॅच असता तर त्याची कड लागली असती ना? मोराच्या मानेजवळ दोन फुल्यांच्या मधलं कापड नीट बघा. खाली तुमच्या आईच्या लुगड्याचीच निळी जमीन आहे, मोराच्या एका अंगानं जाऊन दुसऱ्या अंगानं निघते, कुठे जोड नाही. त्यावर बोट फिरवा. मशीनच्या भरतकामात मागे बॉबिनचा दोरा असतो, आणि बहुतेक वेळा कडक कागदासारखं अस्तर असतं, ते हाताला कडक लागतं. दोराही बहुतेक पॉलिस्टरचा, चकचकीत. आमचा दोरा सुती आहे, सहा पदरी लडीतले तीन पदर वेगळे करून वापरलेला. आणि एक गोष्ट बघा. सगळ्या फुल्यांचा वरचा टाका एकाच बाजूला झुकलेला आहे, पण चोचीजवळच्या दोन ओळींत तो किंचित ताणलेला आहे. तिथं आमच्या बाईनं संध्याकाळी लाईट गेल्यावर काम थांबवलं आणि सकाळी परत धरलं. मशीनचा ताण रात्रीत बदलत नाही.

एका नक्षीवर आम्ही दुसरा हात लावू देत नाही, कारण प्रत्येकीचा दोरा ओढायचा ताण वेगळा असतो. दोघींनी मिळून एक मोर केला तर पिसारा एका बाजूला जाड दिसतो. त्यामुळे ज्या बाईनं तो सुरू केला तिनंच तो पुरा केला. तिला हा अभिप्राय मी वाचून दाखवलेला नाही. तिच्या मुलीनं मोबाईलवर वाचून दाखवला.

तुम्ही असंही लिहिलंय की मोरावरून गोधडीचा टाका गेलेला नाही, म्हणून तो फुगलाय. धावदोरा फुल्यांवरून नेला तर फुलीचे चारही कोपरे दबतात आणि नक्षी विस्कटते. म्हणून आम्ही मोराच्या कडेकडेनं जवळून टाका घेतो, आणि पिसाऱ्यातल्या रिकाम्या घरांमधून त्याच रंगाच्या दोऱ्यानं बारीक टाके देऊन आतले थर धरून ठेवतो, नाहीतर आतलं कापड सरकतं. भोवतालचा टाका दाट असल्यामुळे मोर थोडा वर उठतो. पुष्कळ गिऱ्हाइकं मुद्दाम तसाच मागतात. तुम्हाला सपाट हवा असेल तर मधे आणखी टाके घालता येतील.

पैशाचं. साध्या गोधडीचे २,८०० आणि मोराचे १,७००, दोन्ही वेगवेगळे पावतीवर लिहिलेले आहेत. आमच्या जाळीला इंचाला ११ घरं, म्हणजे एका चौरस इंचात १२१ फुल्या. मोर सहा बाय आठ इंचांचा. निम्मी जागा मोकळी धरली तरी २,९०० फुल्या होतात, आणि एका फुलीला सुई चार वेळा कापडातून जाते. भागाकार केला तर एका फुलीला साठ पैसेही पडत नाहीत. त्यात दोरा आला, जाळी आली, मांजरपाट आलं आणि मजुरी आली. “आमची आजी फुकट शिवायची” असं तुम्ही लिहिलंय. माझीही शिवायची. तिला त्याचे पैसे कुणी दिले नाहीत, ही काही चांगली गोष्ट नव्हती.

“गोधडीवर असल्या इंग्रजी फुल्या शोभत नाहीत,” या वाक्याचंही वाईट वाटलं. आपल्याकडच्या रुखवतात मॅटीच्या कापडावरचा फुल्यांचा मोर, राघू-मैना, ‘सुस्वागतम’ची तसबीर नसायची असं घर दाखवा. शिवणवर्गात मॅटीवर फुल्या भरतच आमच्या पिढीचा हात बसला. आणि इरकली लुगड्यांवर धारवाडकडचा कशिदा यायचा, त्यात गोपूर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती, मोर असायचे. त्या कशिद्याच्या चार टाक्यांपैकी मेंथी हा टाका म्हणजे फुलीच. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या बायांच्या अंगावर इरकलीच असायची. तेव्हा फुलीचा मोर त्याच लुगड्याच्या गोधडीवर आला तर तो परका कसा? तुमच्या आईचं वरचं लुगडंसुद्धा इरकलीच आहे, पदर बघा.

उशिराबद्दलही थोडं सांगते, कारण तुम्ही “कामचुकार लोक” असा शब्द वापरला. ऑर्डर तुम्ही दसऱ्याच्या तोंडावर दिली. तेव्हा घरोघर दसरा काढायची धांदल असते, गावभरच्या जुन्या वाकळा धुऊन वाळत असतात आणि शेतात सोयाबीन पडलेलं असतं. बाया आधी रानात जाणार, दुपारनंतर सुई धरणार. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली किती कुटुंबं ऊसतोडीला जातात, हे तुम्ही पुण्यात राहत असलात तरी माहेर इकडचं असल्यानं तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या कामावरच्याही काही गेल्या. हा हंगाम लक्षात घेऊनच तारीख दिली होती, आणि ती पाळलीही गेली असती. पण तुम्ही आधी कमळ सांगितलं होतं. कमळ अर्ध्यावर आल्यावर फोन आला की आईला मोर आवडायचा, मोर करा. आम्ही एका शब्दानं नाही म्हटलं नाही. कमळ उसवलं. विरलेल्या लुगड्यावर उसवल्यावर सुईची भोकं उरतात, ती पाण्याचा हात लावून, नखानं हलकं घासून बसवावी लागतात, मगच त्यावर दुसरी नक्षी टिकते. त्या कामाचा एक पैसा लावला नाही. अभिप्रायात कमळाचा उल्लेख कुठेच नाही.

आणि गोधडी नेताना दुकानातच तुम्ही ती उलगडून गालाला लावली होती. “आईचा वास अजून आहे” म्हणालात. घरी गेल्यावर काय झालं ते माहीत नाही. शंका आली होती तर एक फोन करायचा, ताई. आमचा नंबर तुमच्याकडे आहे, कमळाच्या वेळी रात्री साडेदहालाही तुम्ही केला होता आणि मी उचलला होता.

आता मी काय करू शकते ते सांगते. गोधडी घेऊन या. तुमचा मोर डाव्या कोपऱ्यात, काठाजवळ आहे. काठाची पट्टी आणि कडेच्या टाक्यांच्या काही ओळी तुमच्यासमोर उसवून लुगड्याची आतली बाजू दाखवते. तिथं मांजरपाटावर तुम्हाला छोट्या उभ्या रेघांच्या रांगा दिसतील, कारण आमची बाई आधी ओळभर अर्ध्या फुल्या घालत जाते आणि परत येताना त्या पुऱ्या करते. दोऱ्याची टोकं कुठे खोवलीत तेही दिसेल. बघून झालं की लगेच परत शिवून देते, पैसे नाहीत. तरीही ते मशीनचं वाटलं तर मोराचे १,७०० परत करीन. मात्र आत हातकाम दिसलं तर ‘मशीन’ आणि ‘फसवलं’ हे दोन शब्द तुम्ही काढावेत एवढी विनंती आहे. उशिराचं राहू द्या.

यापुढे नक्षी चालू असताना आतल्या बाजूचे फोटो गिऱ्हाइकाला पाठवत जाऊ, आणि सुगीच्या दिवसांत तारखा देतानाही जरा विचार करू.

येण्याआधी गोधडी मशीनमध्ये धुऊ नका, ओली असली तर उसवता येत नाही. दुपारी दोननंतर या, तेव्हा मोर करणारी बाईही दुकानात असते.

आपली,
दुकानाची मालकीण
अंबाजोगाई