चाकरमान्यांनी पाठ फिरवली, हे खरे नाही

"चाकरमान्यांनी गावाकडे पाठ फिरवली, म्हणून कोकण ओस पडले आणि आता तिथे परप्रांतीय शिरले" अशा अर्थाचा मजकूर दर गणपतीत फिरतो.

आधी 'ओस' या शब्दाचे पाहू. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 16,96,777 होती, ती 2011 मध्ये 16,15,069 झाली. घट खरी आहे. परंतु त्याच 2011 च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईला गेले आणि मागे लावणी, कापणी, गुरे, म्हातारी माणसे व मनिऑर्डरीचा हिशोब बायकांनी सांभाळला. त्या घरात असताना त्याला ओस म्हणणे अन्यायाचे आहे.

पाठ फिरवल्याचा आरोप तर गिरणगावाचा, म्हणजे मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या भागाचा, इतिहास विसरून केलेला आहे. एकेका गावचे लोक तिथे मिळून खोली भाड्याने घेत, पाळीनुसार आळीपाळीने झोपत आणि त्याच खोलीत मंडळाची बैठक भरवून देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी ठरवत. म्हणजे गावचा अर्धा कारभार लालबाग-परळातून चाले. शिमग्यात पालखी दारी येते तेव्हा वर्षभर बंद असलेले घरही उघडले जाते, ते याच नात्यामुळे. अर्थात, या खोल्यांबरोबर गावची वाडीवार आणि जातवार विभागणीही मुंबईत गेली, हे लपवण्यात अर्थ नाही. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ मानला जाई, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना गिरण्यांच्या विणकाम खात्यात घेत नसत. तरीही गावाबाहेरच्या नोकरीने, विशेषतः लष्करातल्या, माणसाला ताठ उभे राहण्याचे बळ दिले, आणि 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याकडे डॉ. आंबेडकरांसोबत निघालेल्या समुदायामागे तेही बळ होते. गावातले पाणवठे कोणाचे, हा प्रश्न बाहेर जाऊन आलेल्या माणसांनीही धसास लावला.

राहिला परप्रांतीयांचा मुद्दा. हापूसच्या बागा राखणारे नेपाळी आणि मच्छीमार नौकांवरचे बाहेरचे खलाशी 'शिरले' नाहीत. माणूसबळ हवे होते म्हणून बागायतदारांनी आणि नौकामालकांनी त्यांना कामावर ठेवले. बागेच्या कडेच्या खोपीत चार-पाच जण दाटीने राहतात, कमाई घरी पाठवतात आणि सणाला गावी जायची वाट पाहतात. आमचे आजोबा परळच्या खोलीत असेच राहत होते.